विद्यापीठीय ग्रंथालयाचे मासिक कामकाज आणि मराठीचा अभ्यासक

१

मराठी वाङ्मयाच्या इतिहासलेखनाची चर्चा सुरू झाली की साधनांच्या अनुपलब्धतेचा प्रश्न हटकून पुढे येतो. अमुक नियतकालिकाची संपूर्ण संचिका मिळत नाही, तमुक कादंबरीची पहिली आवृत्ती पाहावयास मिळाली नाही, एखाद्या कवीचे आरंभीचे लेखन कोठे प्रसिद्ध झाले याचा थांग लागत नाही, अशी विधाने प्रबंधांच्या प्रस्तावनांतून नित्य आढळतात. ती बहुधा खरीही असतात. परंतु साधने आपोआप उपलब्ध किंवा अनुपलब्ध होत नसतात. ती कोणीतरी मागविलेली, नोंदविलेली, बांधलेली आणि मांडणीवर लावलेली असतात. अथवा यांपैकी एखादे काम करावयाचे कोणाकडून तरी राहून गेलेले असते. अभ्यासकाची दृष्टी ग्रंथावर खिळलेली असल्यामुळे ग्रंथ त्याच्या हाती येईपर्यंतचा हा प्रवास त्याच्या विचारात येत नाही. प्रस्तुत लेखात विद्यापीठीय ग्रंथालयाच्या नित्य कामकाजाचे स्वरूप स्पष्ट करून, त्यातील कोणत्या कृतींचा मराठीच्या अभ्यासावर प्रत्यक्ष परिणाम होतो, हे पाहावयाचे आहे.

या कामकाजाचे एकक महिना हे आहे. वर्षाचा अर्थसंकल्प असतो, दिवसाची देवघेव असते. परंतु ग्रंथालयाचा गाडा चालतो तो महिन्याच्या हिशोबाने. नियतकालिकांचे अंक महिन्याला येतात, पुरवठादारांची देयके महिन्याला लेखा विभागाकडे जातात, वाचनकक्षाच्या आणि रविवारच्या पाळ्यांचे वेळापत्रक महिन्याचे लागते, बांधणीसाठी द्यावयाच्या खंडांचा गठ्ठा महिन्याला बाहेर पडतो आणि पहिल्या आठवड्यात मागील महिन्याचा अहवाल ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवावा लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम २०१६ नंतर राज्यातील विद्यापीठांत ग्रंथालयाला ‘ज्ञानस्रोत केंद्र’ हे नाव मिळाले. पाटी बदलली तरी उपार्जन, तालिकीकरण, नियतकालिके, देवघेव, संदर्भ आणि जतन हे विभाग व त्यांतील कामांचा क्रम पूर्वीचाच राहिला आहे. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाप्रमाणे काही ठिकाणी हा कारभार दोन जागी विभागलेला असतो. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरच्या वास्तूत जुना संग्रह आणि कालिना परिसरात जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, अशी तेथील व्यवस्था आहे. अशा वेळी एखादा ग्रंथ ‘आहे’ आणि ‘येथे नाही’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरतात.

२

ग्रंथ संग्रहात येण्याची रीत थोडक्यात अशी. विभागाकडून शिफारस येते. ती प्रत संग्रहात आधीपासून आहे काय, हे तालिकेत पाहिले जाते. ग्रंथालय समितीची मान्यता घेऊन मागणीपत्र निघते. ग्रंथ व देयक आल्यावर पृष्ठे, किंमत, सवलत तपासली जाते आणि मग दाखल नोंदवहीत ग्रंथाला क्रमांक मिळतो. तेथून तो वर्गीकरणाकडे, तालिकीकरणाकडे, चिठ्ठी चिकटविण्याकडे आणि शेवटी मांडणीकडे जातो. या साखळीला किती आठवडे लागावेत याचा एकच नियम नाही. काही ग्रंथालयांत पंधरवडा पुरतो, काही ठिकाणी ग्रंथ दाखल होऊनही कित्येक महिने तालिकीकरणाच्या टेबलाशेजारी पडून असतो.

मराठी ग्रंथांच्या बाबतीत या रीतीला दोन अडचणी येतात. पहिली आवृत्तीच्या आकाराची. कवितासंग्रह, विशेषतः लेखकाने स्वतः प्रसिद्ध केलेला किंवा जिल्ह्याच्या गावातील लहान प्रकाशकाने काढलेला, थोड्या प्रतींचा असतो आणि वितरकांच्या यादीत तो येतच नाही. शिफारस करणाऱ्या प्राध्यापकाला त्याचे अस्तित्व परीक्षणावरून कळते. परीक्षण छापून येईपर्यंत वर्ष लोटलेले असते, आणि शिफारस, मान्यता व मागणी हे टप्पे ओलांडेपर्यंत आवृत्ती संपलेली असते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने प्रती पाठवावयाच्या त्या कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय या चार ठिकाणी. विद्यापीठाचे ग्रंथालय त्यांत नाही. त्यामुळे जे मागविले नाही ते येत नाही, आणि जे आले नाही त्याची नोंद कोठेच होत नाही. विद्यापीठाच्या संग्रहात नसलेला कवी पुढील पिढीच्या प्रबंधातही नसतो, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरी अडचण मार्च महिन्याची. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि अखर्चित अनुदान परत जाण्याचे भय फेब्रुवारीपासून वाढू लागते. ज्या शिफारसी वर्षभर तुरळक येत होत्या त्या एकदम मागविल्या जातात, आणि पुरवठादार गोदामात जे असेल ते पाठवून देतो. परिणामी एकाच वर्षात परीक्षोपयोगी मार्गदर्शिकांच्या आणि पुनर्मुद्रित अभिजात ग्रंथांच्या प्रती साठतात, आणि ज्यांच्यासाठी शोध घ्यावा लागला असता असे ग्रंथ राहून जातात. दाखल नोंदवहीतील मार्चची पाने आणि ऑगस्टची पाने शेजारी ठेवून पाहिली, तर संग्रहाची घडण वाङ्मयीन निकषांनी किती झाली आणि हिशोबाच्या निकषांनी किती झाली, याचा अंदाज येतो. मराठी विभागांनी ही नोंदवही एक साधन म्हणून आजवर फारशी वापरलेली दिसत नाही. एखाद्या ग्रंथाच्या स्वीकाराचा इतिहास लिहिताना तो कोणत्या वर्षी, किती प्रतींत आणि कोणाच्या देणगीतून आला, ही माहिती तेथे हाती लागते; ती अन्यत्र क्वचितच मिळेल.

३

तालिकीकरण हे काम बाहेरून यांत्रिक भासते. प्रत्यक्षात मराठी वाङ्मयाविषयीचे काही कठीण प्रश्न त्या टेबलावर दर महिन्याला सोडवावे लागतात, आणि तेही वेळेच्या बंधनात.

त्यांपैकी पहिला नावाचा. ‘विशाखा’ (१९४२) हा संग्रह कुसुमाग्रजांचा आणि ‘नटसम्राट’ हे नाटक वि. वा. शिरवाडकरांचे. ‘जोगवा’ आरती प्रभूंचा आणि ‘कोंडुरा’ चिं. त्र्यं. खानोलकरांची. राम गणेश गडकरी नाटककार म्हणून स्वतःच्या नावाने, कवी म्हणून गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेखक म्हणून बाळकराम या नावाने वावरतात. या लेखकांची मुख्य नोंद कोणत्या नावाखाली करावयाची? एकाच व्यक्तीचे सारे लेखन एका शीर्षकाखाली आणावे, की तिची वाङ्मयीन व्यक्तिमत्त्वे वेगळी मानून वेगळी शीर्षके द्यावीत? आंग्ल-अमेरिकन तालिकासंहितेच्या दुसऱ्या आवृत्तीच्या १९८८ मधील सुधारणेने अशी वेगळी शीर्षके मान्य केली. त्यापूर्वीची कार्डे एका पद्धतीने आणि त्यानंतरची दुसऱ्या पद्धतीने लिहिली गेली असल्यास, अभ्यासकाला एकाच लेखकाचे अर्धेच लेखन दिसते. ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ अशी परस्परसंदर्भांची कार्डे हा यावरील उपाय. पण कर्मचारी कमी असले की काम वाचविण्यासाठी प्रथम गाळली जातात ती हीच कार्डे.

लेखिकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. ‘अलंकारमंजूषा’ बाळूताई खरे या नावाने, ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) विभावरी शिरूरकर या नावाने आणि पुढील काही लेखन मालती बेडेकर या नावाने प्रसिद्ध झाले. ही तिन्ही नावे एकाच लेखिकेची. त्यांच्याविषयी चर्चा पुष्कळ झालेली असल्याने तालिकाकाराला ते ठाऊक असते. परंतु विवाहापूर्वी मासिकांतून चार-सहा कथा लिहून पुढे अन्य नावाने एखादाच संग्रह काढणाऱ्या कितीतरी लेखिका अशा आहेत की त्यांची दोन नावे जोडणारी माहिती तालिकेत आलीच नाही. तालिकेने दोन व्यक्ती म्हणून नोंदलेल्या लेखिकेला वाङ्मयेतिहासकारही दोन व्यक्ती समजतो. किंवा दोहोंपैकी एकीचेही लेखन पुरेसे नाही म्हणून दोघींनाही वगळतो.

प्राचीन वाङ्मयाकडे वळले की ग्रंथनामाचा प्रश्न उभा राहतो. ‘ज्ञानेश्वरी’, ‘भावार्थदीपिका’, ‘श्रीज्ञानदेवी’, ‘सार्थ ज्ञानेश्वरी’ अशा निरनिराळ्या मुखपृष्ठांनी एकच ग्रंथ संग्रहात येतो. त्यांना एका समान शीर्षकाखाली आणले नाही तर राजवाड्यांची १९०९ ची प्रत आणि अलीकडची पारायणप्रत तालिकेच्या दोन टोकांना जाऊन बसतात. तुकारामांच्या अभंगांचे असेच. विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांची १८६९ व १८७३ मधील दोन भागांची आवृत्ती, शासनाने काढलेली गाथा आणि वेगवेगळ्या फडांच्या व प्रकाशकांच्या गाथा यांत पाठांचा आणि अभंगसंख्येचा भेद आहे. म्हणून त्या एकत्र तर दिसाव्यातच, पण एकमेकींपासून वेगळ्याही ओळखता याव्यात. संपादकाचे नाव, आवृत्तीचे विधान आणि प्रकाशनवर्ष ही तीन अंगे कार्डावर नीट उतरली तरच हे साधते. एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांवर बहुधा शकवर्ष असते. त्यात ७८ मिळवून इसवी सन लिहिण्याची पद्धत आहे. परंतु शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने वर्षअखेरीच्या महिन्यांत छापलेल्या ग्रंथाला ७९ मिळवावे लागतात. शके १८०० च्या फाल्गुनात निघालेले पुस्तक १८७९ चे असते, १८७८ चे नव्हे. प्रथम प्रकाशनाचा वाद जेथे महिन्या-दोन महिन्यांवर येऊन ठेपतो, तेथे ही एका वर्षाची चूक निर्णायक ठरू शकते.

वर्गीकरणात एक मौजेची गोष्ट आढळते. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे. त्यापुढे १ लावला की कविता, २ लावला की नाटक, ३ लावला की कथात्म वाङ्मय. याचा अर्थ खानोलकरांची कविता एका कपाटात, नाटके दुसऱ्यात आणि कादंबऱ्या तिसऱ्यात जातात. रंगनाथन यांच्या द्विबिंदू वर्गीकरणातही (१९३३) वाङ्मयप्रकार आधी येतो, मात्र त्यानंतर लेखकाचा अंक त्याच्या जन्मवर्षावरून ठरतो. शेक्सपिअरच्या नाटकांचा ‘ओ १११,२ जे ६४’ हा अंक ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ असतो. त्यातील ‘जे ६४’ म्हणजे १५६४. या रीतीने मांडणीवरचा क्रम आपोआप कालानुक्रम होतो, आणि केशवसुत (‘एम ६६’) व त्यांच्या नंतरच्या पिढ्या कपाटात एकापुढे एक उभ्या राहतात. वाङ्मयेतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून सोयीची रचना नाही. पण ज्ञानेश्वरांचे जन्मवर्ष शके ११९७ मानावयाचे की शके ११९३? पहिले मानले तर १२७५, दुसरे मानले तर १२७१, आणि त्याप्रमाणे ‘जी ७५’ किंवा ‘जी ७१’. ज्या वादावर विद्वानांनी पिढ्यान् पिढ्या लेख लिहिले, त्याचा निकाल वर्गीकरणकाराला दुपारच्या चहापूर्वी द्यावा लागतो.

संगणकीकरणानंतर हे प्रश्न सुटले, असा एक समज आहे. पूर्वी अनेक ग्रंथालयांनी मराठी ग्रंथांच्या नोंदी रोमन लिपीत केल्या. चिन्हांविना केलेल्या लिप्यंतरात त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ यांतील भेद नाहीसे झाले. पुढे देवनागरीत नोंदी होऊ लागल्या, तेव्हा १९९१ च्या भारतीय मानक संकेतप्रणालीत केलेल्या, निरनिराळ्या टंकांत केलेल्या आणि युनिकोडमध्ये केलेल्या नोंदी एकाच कोठारात येऊन पडल्या. युनिकोडच्या संकेतक्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आणि ‘व’च्या आधी येतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतरचा. त्यामुळे यंत्राने लावलेल्या यादीत ‘केळकर’ हे आडनाव कोशाच्या सवयीने शोधणाऱ्याला अपेक्षित ठिकाणी सापडत नाही. शोधचौकटीत ऱ्हस्व-दीर्घाचा किंवा अनुस्वार-परसवर्णाचा भेद झाला की ‘ग्रंथ उपलब्ध नाही’ असे उत्तर पडद्यावर उमटते, आणि अभ्यासक ते प्रमाण मानतो. कार्डांच्या खणात बोटे फिरविताना शेजारचे कार्ड तरी दिसत असे.

या पार्श्वभूमीवर शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे महत्त्व वेगळे सांगावयास नको. १८०० ते १९३७ या काळाचा पहिला भाग १९४४ मध्ये आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या तालिकेत न सापडलेला ग्रंथ दात्यांच्या सूचीत सापडला, तर तो अस्तित्वात होता एवढे निश्चित होते. शोध तेथून पुन्हा सुरू करता येतो.

४

नियतकालिक विभागाचे काम शब्दशः मासिक आहे. प्रत्येक नियतकालिकासाठी एक कार्ड, त्यावर वर्षाचे बारा चौकोन, अंक आला की चौकोनात तारीख. चौकोन रिकामा राहिला की स्मरणपत्र. हे स्मरणपत्र वेळेवर जाणे अगत्याचे असते, कारण तीन-चार महिन्यांनी विचारणा केली तर प्रकाशकाकडे अंक शिल्लक राहिलेला नसतो. परदेशी नियतकालिकांसाठी पुरवठादार हे काम करतात. मराठी नियतकालिकांच्या बाबतीत ते विभागातील एका सहायकाच्या चिकाटीवर अवलंबून असते. ‘नवभारत’, ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, ‘अनुष्टुभ’, ‘कवितारती’, ‘अस्मितादर्श’ किंवा हैदराबादहून निघणारे ‘पंचधारा’ यांसारख्या नियतकालिकांच्या संचिका एका ग्रंथालयात पूर्ण आणि दुसऱ्यात तुटक का, याचे उत्तर बहुतेक वेळा अनुदानात नसते. मधल्या काही वर्षांत ते टेबल रिकामे होते काय, हे पाहावे लागते.

यातील एक बारकावा अभ्यासकाने जाणून घेण्याजोगा आहे. वाङ्मयीन नियतकालिके जोडअंक काढतात. जानेवारी ते जून असा एकच अंक निघाला तर कार्डावरील सहा चौकोनांपैकी एकातच तारीख पडते. सहायक जाणता असेल तर तो उरलेल्या पाच चौकोनांवर आडवी रेघ ओढून ‘जोडअंक’ असे लिहितो. नसेल तर प्रसिद्धच न झालेल्या अंकांसाठी स्मरणपत्रे जात राहतात आणि वर्षअखेरीस बांधणीच्या नोंदीत ‘अंक अपूर्ण’ असा शेरा पडतो. पुढे पंचवीस वर्षांनी एखादा संशोधक तो शेरा वाचून त्या अंकांच्या शोधात गावोगाव हिंडतो. ‘अंक आला नाही’ आणि ‘अंक निघालाच नाही’ या दोन विधानांतील अंतर वाङ्मयीन नियतकालिकांच्या इतिहासात फार मोठे आहे. पहिल्यातून ग्रंथालयाची उणीव कळते. दुसऱ्यातून संपादकाची आर्थिक ओढाताण, एखादा खटला, किंवा गटातील फूट.

साठच्या दशकातील ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’ यांसारखी अनियतकालिके या यंत्रणेत बसणेच शक्य नव्हते. ज्यांनी नियतपणाचाच निषेध नावात मांडला, त्यांना बारा चौकोनांच्या कार्डावर जागा कोठून मिळणार? त्यांना वर्गणी नव्हती, ठरलेली तारीख नव्हती, पुष्कळदा पत्ताही टिकाऊ नव्हता. ती ग्रंथालयांत आली ती नंतर, खाजगी संग्रहांच्या देणगीतून. देणगीतून आलेल्या अशा सुट्या कागदांना दाखल क्रमांक द्यावा की त्यांना ‘पत्रके’ म्हणून एका पेटीत ठेवावे, हा निर्णय त्या महिन्यात त्या टेबलावर बसलेल्या व्यक्तीने केलेला असतो. पेटीत गेलेले कागद तालिकेत येत नाहीत.

दिवाळी अंक हा मराठीचा खास प्रश्न. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचा, कवितेचा आणि वैचारिक लेखनाचा मोठा भाग प्रथम या अंकांतून प्रसिद्ध होत आला आहे. परंतु ग्रंथालयाच्या दृष्टीने दिवाळी अंक म्हणजे नेमके काय? मासिकाचा दिवाळी अंक वर्गणीत येतो, किंवा जादा किंमत आकारून येतो. केवळ दिवाळीलाच निघणारा अंक वार्षिक म्हणावा, तर त्याची वर्गणी नसते. पुस्तक म्हणावे, तर लेखक नसतो. सार्वजनिक वाचनालये ते उत्साहाने घेतात, सभासदांत फिरवितात, आणि उन्हाळ्यापर्यंत ते फाटून रद्दीत जातात. विद्यापीठांची ग्रंथालये ते पुष्कळदा ‘विरंगुळ्याचे वाचन’ या सदरात टाकून दाखल नोंदवहीच्या बाहेर ठेवतात. जे नोंदले नाही ते बांधले जात नाही, आणि जे बांधले नाही ते टिकत नाही. कथासंग्रहातील कथेचा मूळ पाठ पाहू इच्छिणाऱ्याला मग संग्रहाच्या शेवटी दिलेल्या पूर्वप्रसिद्धीच्या टिपेवरच थांबावे लागते.

बांधणीविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. वर्षाचे अंक एकत्र बांधताना खंडाची जाडी कमी व्हावी म्हणून मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ होती. अंकांची पृष्ठे वर्षभर सलग क्रमांकांची असल्यामुळे, आणि मुखपृष्ठांना व जाहिरातींना तो क्रमांक नसल्यामुळे, काही हरवले असे कोणाला वाटत नसे. १९३३ ते १९८२ या काळात निघालेल्या ‘सत्यकथे’सारख्या मासिकाच्या बाबतीत याचा अर्थ असा की कोणत्या अंकावर कोणाचे चित्र होते, कोणते ग्रंथ कोणत्या शब्दांत जाहीर होत होते, अंकाची किंमत केव्हा वाढली, हे सांगणारा पुरावाच बांधणीकाराच्या टोपलीत गेला. वाङ्मयाचा अभ्यास केवळ संहितेपुरता होता तोवर हे खपून गेले. प्रकाशनव्यवहार आणि वाचकवर्ग यांचा अभ्यास सुरू झाला, आणि तीच पाने आता शोधावी लागत आहेत. बांधणीच्या मागणीपत्रावर ‘मुखपृष्ठांसह, जाहिरातींसह’ एवढे दोन शब्द लिहिण्याने हे टळते. विभागाने ते कळविल्यास ग्रंथालय सहसा नाकारीत नाही.

५

देवघेव विभागाचा मासिक अहवाल हा आकड्यांचा असतो: किती ग्रंथ दिले, किती परत आले, किती स्मरणपत्रे गेली, किती दंड जमा झाला. रंगनाथन यांच्या १९३१ मधील पाच सूत्रांपैकी ग्रंथ उपयोगासाठी आहेत हे पहिले, आणि या अहवालामागे त्याच सूत्राची भूमिका असते. तथापि उपयोग म्हणजे घरी नेणे, असा या आकड्यांचा अर्थ लावला जातो. संदर्भकक्षात बसून दिवसभर चाळलेला १८७० चा खंड, टिपण काढून पुन्हा मांडणीवर ठेवलेली गाथा, नियतकालिकांच्या दहा वर्षांच्या संचिकेतून शोधलेली एक कविता, हे सारे अहवालात शून्य दिसते. दुसरीकडे, गेल्या काही दशकांत विद्यापीठांचे वाचनकक्ष स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी भरलेले असतात. ते स्वतःची पुस्तके आणतात. उपस्थितीचा आकडा त्यांच्यामुळे वाढतो. त्यांना जागा मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. मात्र जागेचे वाटप करताना उपस्थितीचा आकडा वर आणि जुन्या मराठी ग्रंथांच्या देवघेवीचा आकडा खाली दिसला की निर्णय कोणत्या बाजूला झुकेल, हे उघड आहे. जुना संग्रह तळघरात किंवा दूरच्या इमारतीत जातो, तेथून ग्रंथ मागविण्यास दोन दिवस लागू लागतात, आणि आकडा आणखी खाली येतो. संदर्भकक्षात वापरलेला ग्रंथ वाचकाने स्वतः मांडणीवर न ठेवता टेबलावरच ठेवावा, अशी सूचना बहुतेक ग्रंथालयांत लावलेली असते. तिचा हेतू ग्रंथ चुकीच्या जागी जाऊ नये हा तर आहेच. त्याशिवाय टेबलावरील ग्रंथ संध्याकाळी मोजले गेले तर त्यांचा उपयोग अहवालात येतो.

प्रबंधांचा विभाग आता वेगळा विचार मागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक झाले, आणि त्या प्रती ‘शोधगंगा’ या कोठारात ठेवण्याचे काम ग्रंथालयाच्या मासिक वेळापत्रकात आले. २०१८ च्या विनियमांनंतर वाङ्मयचौर्याच्या तपासणीचे कामही त्याला जोडले गेले. मराठी प्रबंधांपैकी पुष्कळसे ‘श्रीलिपी’सारख्या जुन्या टंकप्रणालीत अक्षरजुळणी झालेले असतात. डोळ्यांना ते शुद्ध देवनागरी दिसतात. यंत्राला मात्र त्यांत रोमन अक्षरांची निरर्थक माळ दिसते. अशा प्रबंधातील एकही शब्द शोधता येत नाही. तपासणीतून साम्याचे जे प्रमाण निघते त्यालाही मग काही अर्थ उरत नाही. उचललेली पृष्ठे निर्दोष ठरू शकतात आणि प्रामाणिक संशोधकाचे काम कोणाच्या दृष्टीसच पडत नाही. प्रबंध युनिकोडमध्ये टंकलिखित करून घेण्याचा आग्रह मार्गदर्शकाने आरंभीच धरला, तर ग्रंथालयाला पुढे काही करावे लागत नाही. प्रबंध बांधून झाल्यावर मात्र ग्रंथालयालाही फारसे काही करता येत नाही.

६

संग्रहातून ग्रंथ बाहेर जाण्याची रीत सर्वांत कमी परिचयाची आहे. मांडणीवरील ग्रंथ दाखल नोंदवहीशी ताडून पाहण्याचे काम मोठ्या ग्रंथालयात वर्षभर, महिन्याला काही कपाटे या गतीने चालते. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, दिल्या गेलेल्या किंवा चाळल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे वर्षाला पाचांपर्यंतची हानी स्वाभाविक मानली आहे. हजार रुपयांहून अधिक किमतीचा, अथवा किंमत कितीही असली तरी दुर्मीळ व विशेष स्वरूपाचा ग्रंथ हरवला तर चौकशी व्हावी, असेही त्यांत आहे. राज्यांतील विद्यापीठांच्या लेखासंहिता वेगळ्या असल्या तरी तत्त्व हेच असते. प्रश्न असा, की दुर्मीळ कोणते हे ठरविणार कोण? १९५० च्या आसपासचा एखादा कवितासंग्रह दाखल नोंदवहीत दीड-दोन रुपये किमतीचा असतो. हरविणाऱ्याकडून मूळ किमतीच्या काही पट रक्कम वसूल केली तरी ती एका चहापाण्यापेक्षा अधिक होत नाही. नोंदवहीच्या भाषेत ही हानी नगण्य ठरते.

हरवलेल्या ग्रंथांखेरीज जीर्ण झालेल्यांची यादी निराळी असते. आम्लयुक्त कागदावर छापलेली पुस्तके पिवळी पडून कडेने तुटू लागतात. त्यांची बांधणीही होऊ शकत नाही, कारण दोरा पानाला कापतो. अशा ग्रंथांची यादी निर्लेखनासाठी ग्रंथालय समितीपुढे जाण्यापूर्वी संबंधित विभागाच्या अभिप्रायासाठी पाठविण्याची प्रथा आहे. मराठी विभागाकडे ती एखाद्या मासिक बैठकीच्या वेळी येते. टंकलिखित दहा-बारा पाने, प्रत्येकावर तीस-पस्तीस शीर्षके, शेवटी ‘हरकत नाही’ या शब्दांखाली सहीसाठी जागा. यादीत दाखल क्रमांक, शीर्षक, किंमत आणि ‘जीर्ण’ हा शेरा एवढेच स्तंभ असतात. प्रकाशनवर्ष व आवृत्ती यांचा उल्लेख पुष्कळदा नसतो, आणि म्हणून पहिली आवृत्ती आणि नववी आवृत्ती त्या कागदावर सारखीच दिसते. सही करण्यापूर्वी यादीतील ग्रंथ प्रत्यक्ष पाहण्यास मागता येतात. ते एका कपाटात वेगळे काढून ठेवलेले असतात. दात्यांची सूची हाताशी घेऊन दोन दुपारी तेथे बसले तर कोणत्या प्रती अन्यत्र मिळण्याचा संभव कमी आहे, कोणावर ग्रंथकाराची किंवा देणगीदाराची सही आहे, कोणाची संगणकीय प्रतिमा घेऊन मूळ प्रत पेटीत जपावी, हे निवडता येते. निवडलेल्या शीर्षकांपुढे ‘निर्लेखन करू नये’ असे लिहून सही केली की ते ग्रंथ दुर्मीळ विभागाकडे वर्ग होतात. उरलेले पुढील महिन्यात रद्दीच्या निविदेत जातात.